‘दि इनर लाइट’ ह्या गीताच्या मुद्रिकेच्या परदेशी प्रती व मुंबईचे अनाम वादक

(१)

इ. स. १९६८ च्या मार्च महिन्याच्या १५ व्या तारखेस इंग्लंडांत ‘पार्लोफोन’ ह्या छापाखालीं सात इंच व्यासाची एक लहान ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाली. तिचा क्रमांक आर ५६७५. गाणारे ‘बीटल्स’ ह्या जगप्रसिद्ध रॉक वाद्यवृंदाचे चौघे तरुण. दर्शनी बाजूस ‘लेडी मॅडोना’ हें गीत होतें व पाठीमागच्या बाजूस जॉर्ज हॅरिसन ह्यानें रचिलेलें ‘दि इनर लाइट’ हें दुसरें गीत होतें. पहिल्या गीताचा सर्वत्र बोलबाला झाला. दुसऱ्याकडे त्या मानानें थोड्यांचेंच लक्ष गेलें. परंतु महाराष्ट्रांतील इतिहासाभ्यासकास ही पाठीमागची बाजूच अधिक महत्त्वाची वाटावी असें तिचें स्वरूप आहे. त्या गीतांतील सर्व वाद्यसंगीत लंडनमध्यें नव्हे, तर मुंबईंत, कोटांतील फिरोजशहा मेहता रस्त्यावरील एका इमारतींत, हिंदी वादकांनीं वाजविलेलें आहे. लंडनमध्यें त्यावर केवळ गायन चढविण्यांत आलें.

ज्या त्रैमासिकांत ताम्रपट, सनदा, बखरी व शकावल्या ह्यांची चर्चा चालावयाची, त्यांत प्लास्टिकच्या तबकडीस स्थान कशाला, असा आक्षेप कोणी घेईल. त्यास उत्तर सोपें आहे. साधनाचें मोल त्याच्या वयावर अवलंबून नसतें. तें त्यांतून निघणाऱ्या माहितीवर आणि ती माहिती अन्यत्र मिळते कीं नाहीं ह्यावर ठरतें. मुंबईच्या ह्या वादनाचें एकमेव प्रसिद्ध साधन जवळजवळ दहा वर्षेंपर्यंत ही एवढीशी मुद्रिकाच होती. शिवाय तिच्या निरनिराळ्या देशांत छापलेल्या प्रती आज संग्राहकांच्या हातीं आहेत. आणि प्रती जेथें अनेक, तेथें अस्सल कोणती, नक्कल कोणती, कोणती आधींची व कोणती मागाहूनची, हे प्रश्न उपस्थित होणारच. चिंचवडच्या देव संस्थानाच्या सनदा तपासतांना जी दृष्टि लागते, तीच येथें लागते.

प्रस्तुत लेखास निमित्त झालें तें पिंपरी-चिंचवड परिसरांतील एका संग्राहक गृहस्थांच्या संग्रहाचें. ह्या पट्ट्यांतील पुष्कळ मंडळींचें नोकरीनिमित्त परदेशीं जाणें-येणें असतें. चाकण येथें २००९ सालीं फोक्सवॅगन व मर्सिडीज-बेंझ ह्या जर्मन कंपन्यांचे कारखाने सुरू झाल्यावर तें वाढलें. ह्या गृहस्थांनीं परदेशांतील जुन्या बाजारांतून ह्या एकाच मुद्रिकेच्या इंग्लंड, अमेरिका, जर्मनी व जपान येथील प्रती जमविल्या आहेत. त्या त्यांनीं मोकळ्या मनानें पाहावयास दिल्या, ह्याबद्दल त्यांचे आभार मानणें अवश्य आहे. त्यांच्या इच्छेस मान देऊन नांव दिलेलें नाहीं.

(२)

प्रथम मूळ प्रसंगाची हकीकत. हॅरिसन हा १९६६ च्या सप्टेंबरांत मुंबईस येऊन पंडित रविशंकर ह्यांजपाशीं सतार शिकत होता. ताजमहाल हॉटेलांत तो खोट्या नांवानें उतरला होता. परंतु बातमी फुटली, लोकांची झुंबड उडाली, आणि गुरुशिष्यांस मुंबई सोडून काश्मिराकडे जावें लागलें. पुढें ‘वंडरवॉल’ नांवाच्या इंग्रजी चित्रपटाचें संगीत करण्याचें काम त्याजकडे आलें. त्यासाठीं तो १९६८ च्या जानेवारींत पुनः मुंबईस आला आणि ‘हिज मास्टर्स व्हॉइस’च्या ध्वनिमुद्रणगृहांत त्यानें हिंदी वादकांकडून संगीत वाजवून घेतलें.

त्या वेळीं ग्रामोफोन कंपनीच्या हिंदुस्थानांतील शाखेची सूत्रें भास्कर मेनन ह्यांच्या हातीं होतीं. मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांतील सामग्री जुनी व एकमार्गी असल्यामुळें त्यांनीं कलकत्त्याहून दोन मार्गांचें स्टीरिओ यंत्र मुंबईस आणविलें. ध्वनिमुद्रणगृह भर वस्तींत. बाहेरच्या रहदारीचा आवाज भिंतींतून आंत येई, आणि वर्दळीच्या वेळीं काम थांबवून ठेवावें लागे. हेच मेनन पुढें अमेरिकेंतील कॅपिटल कंपनीचे व नंतर ई. एम. आय. ह्या जागतिक संगीतसंस्थेचे प्रमुख झाले व २०२१ सालीं निवर्तले. चित्रपटाचें काम होत असतांना हॅरिसननें कांहीं अधिक वाद्यसंगीतही ध्वनिमुद्रित करून घेतलें. ‘दि इनर लाइट’ ह्या गीताची बैठक म्हणजे त्यांतीलच एक तुकडा होय. त्याची तारीख १२ जानेवारी १९६८ अशी बीटल्सच्या ध्वनिमुद्रणांच्या नोंदींवरून दिली जाते. त्या दिवशीं तो तुकडा पांच वेळां वाजविला गेला व पांचवी आवृत्ति पसंत पडली.

ती फीत हॅरिसननें लंडनला नेली. फेब्रुवारीच्या ६ तारखेस ई. एम. आय.च्या ॲबे रोडवरील ध्वनिमुद्रणगृहांत ती चारमार्गी फितीवर उतरविण्यांत आली व तिजवर हॅरिसनचें गायन मुद्रित झालें. ८ तारखेस इतर दोघां साथीदारांच्या स्वरांची अल्पशी भर पडली. गीताची शब्दरचना चिनी तत्त्वज्ञ लाओत्से ह्याच्या ‘ताओ ते चिंग’ ग्रंथाच्या ४७ व्या प्रकरणावर आधारलेली आहे. केंब्रिज येथील संस्कृतज्ञ हुआन मास्कारो ह्यांनीं त्या प्रकरणाकडे हॅरिसनचें लक्ष वेधिलें होतें. अशा रीतीनें चिनी वचन, इंग्रज गायक, संस्कृताच्या अध्यापकाची सूचना आणि मुंबईचे वादक हीं सर्व त्या लहानशा तबकडींत एकत्र आलीं. बीटल्सच्या एकेरी मुद्रिकेवर हॅरिसनची स्वतंत्र रचना येण्याचा हा पहिलाच प्रसंग होता.

(३)

प्रतींचें परीक्षण करण्यापूर्वीं मुद्रिका कशी तयार होते हें थोडक्यांत सांगणें जरूर आहे. कारण तिजवरील खुणांचा अर्थ त्याखेरीज लागत नाहीं. भोसरी-चाकण भागांत ज्यांचा डाय व मोल्ड बनविण्याच्या कामाशीं संबंध आला आहे, त्यांस हें सहज समजेल.

ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर लाखेसारख्या द्रव्याचा थर दिलेला असतो. त्यावर फितीवरील ध्वनीबरहुकूम सुईनें खांच कोरतात. ह्या कोरीव तबकडीवर चांदीचा पातळ मुलामा देऊन विजेच्या साहाय्यानें निकेल चढवितात; तो थर सोलून काढला कीं खांचेच्या जागीं उंचवटा असलेली उलटी धातुमुद्रा मिळते. तिजवरून पुनः निकेल चढवून सुलटी मुद्रा काढतात; हिला कारागीर ‘मदर’ म्हणजे आई म्हणतात, व आपल्याकडील ‘मातृका’ हा शब्द तिला नेमका लागू पडतो. ह्या मातृकेवरून पुनः उलटे ठसे काढून ते दाबयंत्रांत बसवितात, व तापवून मऊ केलेलें द्रव्य त्यांत दाबून मुद्रिका छापतात. ठसा झिजला कीं दुसरा घेतात. मातृका निकामी झाली कीं नवी काढतात. एका मातृकेपासून अनेक ठसे, व एका ठशापासून शेंकडों प्रती, असा हा वंशवृक्ष असतो.

कारखान्यास आपल्या सोयीसाठीं कोणती प्रत कोणत्या ठशाची हें कळणें आवश्यक असतें. म्हणून लेबल व ध्वनीची शेवटची खांच ह्यांच्या मधल्या गुळगुळीत कड्यांत बारीक अक्षरें व आंकडे उठविलेले असतात. संग्राहकाचा खरा शिलालेख तो हाच. लेबल कागदाचें असतें व तें चुकीचेंही चिकटविलें जाऊं शकतें. कड्यांतील अक्षरें मात्र ध्वनीबरोबरच ठशांतून उतरलेलीं असतात, त्यामुळें त्यांची साक्ष लेबलाहून बळकट होय.

इंग्लंडांतील ग्रामोफोन कंपनीच्या हेज येथील कारखान्याची पद्धत येथें विशेष सांगण्यासारखी आहे. तबकडी सरळ धरली असतां घड्याळांतील नवाच्या जागीं मातृकेचा क्रमांक आंकड्यांत असतो, व तिनाच्या जागीं ठशाचा क्रमांक अक्षरांत असतो. ह्या अक्षरांची किल्ली म्हणजे ‘ग्रामोफोन लिमिटेड’ ह्या इंग्रजी नांवांतून घेतलेलीं दहा अक्षरें: जी, आर, ए, एम, ओ, पी, एच, एल, टी, डी. जी म्हणजे १, आर म्हणजे २, ए म्हणजे ३, असें करीत करीत टी म्हणजे ९ व डी म्हणजे शून्य. जेथें ‘जीए’ अक्षरें दिसतील तो तेरावा ठसा, जेथें ‘आरडी’ तो विसावा. आपल्या वाचकांस ही युक्ति नवी वाटणार नाहीं. ज्योतिषाच्या ग्रंथांत व दक्षिणेंतील शिलालेखांत कटपयादि पद्धतीनें अक्षरांतून अंक सांगितलेले ज्यांनीं वाचले आहेत, त्यांस हेजच्या कारागिराची ही अक्षरांकलिपि ओळखीचीच भासेल.

एवढें मात्र ध्यानांत ठेविलें पाहिजे कीं, लहान क्रमांकाचा ठसा म्हणजे पहिल्याच दिवशीं छापलेली प्रत असें निश्चयानें म्हणतां येत नाहीं. अनेक दाबयंत्रें एकाच वेळीं चालत; ठसे कपाटांत ठेवून मागाहूनही वापरीत. क्रमांकावरून पूर्वापर अनुमानतां येतो. तारीख ठरविण्यास दुसरा पुरावा लागतो.

(४)

तो दुसरा पुरावा म्हणजे लेबलावरील मजकूर. इंग्लंडांतील पार्लोफोनच्या प्रतीचें लेबल काळें असून त्यावर रुपेरी अक्षरें आहेत. १९६५ च्या सुमारापर्यंत लेबलाच्या कडेनें फिरणाऱ्या ओळींत ‘पार्लोफोन कंपनी’ असें नांव येई. त्यानंतर ‘ग्रामोफोन कंपनी’ असें येऊं लागलें. म्हणून १९६३ सालच्या गीताच्या मुद्रिकेवर जर ‘ग्रामोफोन कंपनी’ हें नांव असेल, तर ती प्रत मागाहून छापलेली समजावी. तसेंच किरकोळ विक्रीच्या किंमतीस अटी लागू असल्याची जी सूचना ह्या काळांत लेबलावर छापीत, ती १९६९ मध्यें गळली. आपल्या प्रस्तुत मुद्रिकेवर ती सूचना असल्यास प्रत १९६८-६९ ची. नसल्यास त्यानंतरच्या पुनर्मुद्रणाची. सनदेवरील शिक्का कोणत्या राजाच्या कारकीर्दींतला आहे हें पाहून आपण ज्याप्रमाणें काळ ठरवितों, तसाच हा न्याय.

इंग्रजी प्रत कंपनीच्या साध्या कागदी पाकिटांत घातलेली असे. तिजवर गायकांचें चित्र नसे. अमेरिकेंत हीच मुद्रिका १८ मार्च १९६८ रोजीं कॅपिटल ह्या छापाखालीं २१३८ ह्या क्रमांकानें निघाली. तिचें लेबल पिवळ्या-नारिंगी भोंवऱ्याच्या चित्राचें असून वेष्टनावर चौघांचें छायाचित्र आहे. मधलें भोंक दीड इंचाचें, कारण तिकडे नाणें टाकून गाणें वाजविणारीं यंत्रें पुष्कळ व त्यांच्या सोयीचें मोठें भोंक रूढ झालें होतें. इंग्रजी प्रतींत भोंक लहान, परंतु मधला भाग तोडून तें मोठें करतां यावें अशी योजना असे.

जर्मन प्रत ‘ओडिऑन’ ह्या छापाची. हें नांव आपल्याकडील जुन्या गाण्यांच्या शोकिनांस अपरिचित नाहीं. ओडिऑनच्या तबकड्या विसाव्या शतकाच्या आरंभापासून हिंदुस्थानांत विकल्या जात होत्या. ह्या प्रतीच्या लेबलावर ‘गेमा’ हीं अक्षरें आहेत. तें जर्मनींतील रचनाकारांच्या हक्कांचें रक्षण करणाऱ्या संस्थेचें नांव होय. हॉलंडच्या प्रतीवर ‘स्टेमरा’, इटलीच्या प्रतीवर ‘सिआए’, जपानच्या प्रतीवर ‘जसराक’, अशा त्या त्या देशच्या संस्थांच्या खुणा असतात. लेबल फाटलेलें व नांव पुसलेलें असलें, तरी एवढ्या एका खुणेवरून प्रतीचा देश ओळखतां येतो. जपानी प्रतही ओडिऑन छापाचीच. जपानांतील तोशिबा कंपनी त्या काळीं आपल्या पुष्कळ तबकड्या तांबड्या, अर्धपारदर्शक द्रव्याच्या काढीत असे. धूळ कमी चिकटावी हा त्यांतील हेतु. आमच्या पाहण्यांतील प्रत तशीच तांबडी आहे, आणि उजेडासमोर धरली असतां तिच्या खांचा स्पष्ट दिसतात.

येथें एका गोष्टीचा विसर पडूं नये. ‘परदेशी प्रत’ हा शब्द पाहणाऱ्याच्या ठिकाणावर अवलंबून आहे. आपल्यास जर्मन वा जपानी प्रत परदेशी. पण युरोपांतील संग्राहकास कलकत्त्याजवळील दमदमच्या कारखान्याची प्रत परदेशी, व ती मिळविण्यासाठीं तो धडपडत असतो. त्यास सबळ कारणही आहे. इंग्लंडांत मिनिटास ७८ फेरे घेणाऱ्या लाखेच्या तबकड्या १९६० च्या सुमारास बंद झाल्या. हिंदुस्थानांत मात्र चावीचे ग्रामोफोन घरोघर होते. म्हणून १९६३ नंतरही कांहीं वर्षें दमदमला बीटल्सचीं गाणीं ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवर छापलीं गेलीं. नव्या युगाचें संगीत जुन्या युगाच्या द्रव्यावर उतरलेलें असा हा चमत्कारिक मेळ आहे, आणि जगांतील संग्राहकांत ह्या तबकड्यांस आज मोठा मान आहे. आपल्या मंडळींनीं मात्र त्या फुटक्या खापराच्या भावानें काढून टाकल्या.

(५)

आतां मुख्य प्रश्नाकडे वळूं. वर वर्णिलेल्या कोणत्याही प्रतीवर मुंबईचें नांव नाहीं, व तेथील एकाही वादकाचें नांव नाहीं. रचनाकार म्हणून हॅरिसनचें नांव आहे. गाणारे म्हणून बीटल्सचें आहे. ज्यांच्या सनई-बासरीनें हें गीत सुरू होतें व ज्यांच्या पखवाजावर तें चालतें, ते मुळींच नाहींत.

ह्या ठिकाणीं हिंदुस्थानांतील ध्वनिमुद्रणाच्या पहिल्या पर्वाची आठवण होते. १९०२ सालीं फ्रेड गैसबर्ग हा इंग्रजी कंपनीचा ध्वनिमुद्रक कलकत्त्यास आला. गौहर जान हिचीं गाणीं त्यानें तेव्हां घेतलीं. मुद्रित केलेलीं तीं मेणाचीं पटलें बोटीनें जर्मनींतील हॅनोव्हरला जात व तेथें तबकड्या छापून परत इकडे विक्रीस येत. १९०८ सालीं कलकत्त्यांत सियालदा येथें कारखाना निघेपर्यंत हाच क्रम होता. म्हणजे आपल्या आरंभीच्या सर्वच तबकड्या परदेशी प्रती होत. हॅनोव्हरच्या कारागिरास गायिकेची भाषा कळत नसे. तबकडीवर नांव कोणाचें घालावयाचें ह्याचा घोटाळा होऊं नये म्हणून गाणें संपतांच गाणारी व्यक्ति आपलें नांव मोठ्यानें इंग्रजींत उच्चारीत असे. गौहर जानचें तें आत्मनिवेदन प्रसिद्धच आहे. तीं चार इंग्रजी अक्षरें केवळ शोभेचीं नव्हतीं. परमुलखांतील कारखान्यांत आपली ओळख हरवूं नये ह्यासाठीं तो बंदोबस्त होता. १९६८ सालीं मुंबईच्या वादकांस ही सोय नव्हती. त्यांचें वादन लंडनला गेलें, तेथून देशोदेशीं गेलें, आणि नांवें मागें राहिलीं.

मग तीं नांवें शोधावयाचीं कोठें? जवळचा समकालीन पुरावा एकच आहे. चित्रपटाच्या संगीताची ‘वंडरवॉल म्यूझिक’ ही मोठी मुद्रिका १ नोव्हेंबर १९६८ रोजीं ॲपल ह्या छापाखालीं इंग्लंडांत निघाली. तिच्या वेष्टनावर मुंबईच्या वादकांची यादी आहे. तींत सरोदेस आशिष खां, तबला व पखवाजास महापुरुष मिश्र, संतुरास शिवकुमार शर्मा, बासरीस एस. आर. केंकरे, तारसनईस विनायक व्होरा, हार्मोनियम व तबलातरंगास रिजराम देसद, सतारीस शंभु दास, इंद्रनील भट्टाचार्य व शंकर घोष, सुरबहारास चंद्रशेखर, आणि सनईस शरद व हनुमान ‘जादेव’ हीं नांवें येतात.

‘जादेव’ हें आडनांव आपल्याकडे ऐकिवांत नाहीं. आमच्या मतें तें ‘जाधव’ असावें. शरद व हनुमान हीं नांवें, सनई हें वाद्य आणि मुंबई हें ठिकाण ह्या तिन्ही गोष्टी त्यास अनुकूल आहेत; रोमन लिपींत लिहितांना वा जुळवितांना ‘धव’चें ‘देव’ होणें अवघड नाहीं. त्याच यादींत शिवकुमारांच्या ‘शर्मा’ ह्या प्रसिद्ध आडनांवाच्या शेवटीं एक ‘र’ अधिक लागला आहे व विनायकाचें ‘विनाइक’ झालें आहे. जेथें इतकीं परिचित नांवें बिघडलीं, तेथें अपरिचित नांव शुद्ध राहिलें असेल असें मानणें युक्त नव्हे. मोडींतील आडनांवें फारसी अखबारांत कशीं विकृत होतात हें जाणणाऱ्यांस ह्या तर्काचें आश्चर्य वाटूं नये. हा तर्क खरा असेल, तर केंकरे व दोघे जाधव मिळून ह्या वाद्यमेळांत मराठी मंडळींचा भाग लहान नव्हता असें म्हणावें लागेल.

दुसरा प्रश्न बासरीचा. मागाहूनच्या ग्रंथकारांनीं ‘दि इनर लाइट’मधील बासरी पंडित हरिप्रसाद चौरसिया ह्यांची म्हणून सांगितली आहे, आणि आज सर्वत्र तेंच मत चालतें. १९६८ च्या वेष्टनावर मात्र बासरीपुढें केंकरे हें एकच नांव आहे, चौरसियांचें नाहीं. अखबार एक सांगतो व बखर दुसरें सांगते, तेव्हां आपण सामान्यतः अखबाराकडे झुकतों. परंतु येथें घाई करणें बरें नव्हे. वेष्टनावरील यादी चित्रपट-संगीताची आहे, ह्या गीताची नव्हे. आणि ती अपुरी वा अशुद्ध असूं शकते, हें वर दाखविलेंच आहे. उलटपक्षीं पुढील काळांत एखाद्या कलावंताची कीर्ति वाढली म्हणजे पूर्वींच्या अनाम कामाचें श्रेय आपोआप त्याच्याकडे ओघळतें, हाही इतिहासांतील नेहमींचा अनुभव आहे. म्हणून आमचें म्हणणें एवढेंच कीं, चौरसियांचें नांव खोडूं नये, पण त्यांच्याबरोबर केंकरे ह्यांचें नांवही ह्या चर्चेंत आलेंच पाहिजे. समकालीन कागदावर छापलेलें नांव केवळ तें कमी प्रसिद्ध म्हणून गाळणें, ही इतिहासाची रीत नव्हे.

(६)

ह्या गीताच्या पाठाचा पुढील इतिहासही संग्राहकांनीं ध्यानांत ठेवावा. १९६८ च्या सर्व देशांच्या मुद्रिकांवर एकमार्गी, म्हणजे मोनो, पाठ आहे. तें गीत त्या काळच्या कोणत्याही मोठ्या मुद्रिकेंत घेतलें गेलें नाहीं. इंग्लंडांत ‘रॅरिटीज’ ह्या संग्रहांत तें आलें तें १९७८ मध्यें. स्टीरिओ पाठ १९७० च्या जानेवारींत तयार करण्यांत आला, परंतु तो प्रसिद्ध व्हावयास १९८१ साल उजाडलें. १९८८ मध्यें ‘पास्ट मास्टर्स’ ह्या संग्रहामुळें तें गीत सर्वांस सुलभ झालें. आणि २०१४ सालीं ‘वंडरवॉल म्यूझिक’च्या नव्या आवृत्तींत ह्याच गीताच्या मुंबईंतील वाद्यसंगीताची दुसरी एक आवृत्ति, गायनाशिवाय, प्रसिद्ध झाली.

ही शेवटची गोष्ट फार मोलाची आहे. हस्तलिखितांच्या भाषेंत बोलावयाचें तर, इतकीं वर्षें आपल्यापुढें संस्कारित पोथी होती. २०१४ मध्यें मूळ लेखकाचा कच्चा खर्डा हातीं आला. दोन्ही पाठ शेजारीं ठेवून ऐकले असतां वादकांनीं कोठें फेरफार केला, बासरी व सनई ह्यांची देवघेव कशी बसविली, हें पाठभेद लावावे त्याप्रमाणें टिपतां येईल. ज्यांस केंकरे ह्यांचें अन्य वादन ज्ञात आहे अशा जाणत्यानें हे दोन पाठ कान देऊन ऐकले, तर बासरीच्या वादावर कांहीं प्रकाश पडेल. फुंकेची धाटणी ही हस्ताक्षरासारखीच असते, व तिची ओळख पटविणें अशक्य नाहीं.

(७)

संग्राहकांच्या व्यवहाराविषयीं दोन शब्द लिहून हा लेख पुरा करितों. परदेशी प्रतींच्या बाजारांत किंमत ठरते ती वेष्टनाच्या कोरेपणावर, तबकडीच्या रंगावर व ठशाच्या क्रमांकावर. तो छंद निर्दोष आहे, आणि त्याच्यामुळेंच ह्या वस्तु टिकून राहिल्या, हें कृतज्ञतेनें मान्य केलें पाहिजे. परंतु तबकडी हातीं येतांना तिच्याबरोबर जो कागदाचा चिटोरा, दुकानाचा शिक्का, मालकाची सही वा तारीख येते, ती पुसून वस्तु ‘स्वच्छ’ करण्याची चाल घातक आहे. पोथीच्या शेवटच्या पानावरील लेखकाचा श्लोक खरवडून काढण्यासारखें तें आहे. प्रत कोठून आली, केव्हां आली, कोणाकडून आली, हें प्रत्येक संग्राहकानें वेगळ्या वहींत लिहून ठेवावें; वस्तूवर मात्र स्वतः कांहीं लिहूं नये.

ह्या पट्ट्यांत हें विशेष निकडीचें आहे. पिंपरी-चिंचवडचे कारखाने उभे राहूं लागले त्या पिढीचीं घरें आतां मोडत आहेत. सदनिकांत जागा नाहीं, आणि ग्रामोफोन, तबकड्या, पावत्या, पत्रें हीं सर्व एका पोत्यांत भंगारांत जातात. चिखलीजवळील कुदळवाडी हें अशा मालाचें मोठें केंद्र होतें. २०२५ च्या फेब्रुवारींत महानगरपालिकेनें तेथील अतिक्रमणें मोठ्या प्रमाणावर पाडलीं, तेव्हां तेथील माल कोठल्या कोठें पांगला. अशा ठिकाणीं काय आलें व काय गेलें, ह्याची नोंद ठेवणारा कोणी नसतो.

मुंबईच्या वादकांपैकीं शिवकुमार शर्मा २०२२ मध्यें व आशिष खां २०२४ मध्यें निवर्तले. प्रसिद्ध पुरुषांच्या आठवणी कोणी ना कोणी लिहून ठेवितो. केंकरे, दोघे जाधव, देसद ह्यांच्यासारख्यांच्या आठवणी त्यांच्या घरच्या कपाटांतच राहतात. त्या काळीं वादकांस प्रत्येक बैठकीचें मानधन मिळे व त्याची पावती होई. कित्येक वादक आपल्या कामाची रोजनिशी ठेवीत. १९६८ च्या जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यांतील अशी एखादी पावती वा रोजनिशीचें पान ज्यांच्या घरीं असेल, त्यांनीं तें रद्दींत घालूं नये. निदान त्याची नक्कल प्रस्तुत त्रैमासिकाकडे पाठवावी. जगाच्या चारी दिशांस पसरलेल्या ह्या मुद्रिकेच्या प्रतींतून जें नांव निघत नाहीं, तें गिरगांवांतल्या वा दादरांतल्या एका चिठोऱ्यावर लिहिलेलें असण्याचा संभव आहे. तें सांपडलें, तर तबकडीवर नसलेली ती एक ओळ आपण येथें छापूं.